रात्री दहाचं ऊन

"अहो, थांबा! ते पापलेट शिळं आहे."

लालबागच्या मासळी बाजारात स्पृहाने एका अनोळखी तरुणाला अडवलं आणि कोळीणमावशीने तिला सणसणीत शिवी हासडली. तो गोंधळून हसला. हसू गोड होतं… म्हणूनच स्पृहा सावध झाली. असंच हसणाऱ्या एकाशी मागच्या वर्षी तिचा साखरपुडा झाला होता. जहाजावरचा इंजिनियर म्हणवणारा तो महाभाग उरणच्या पुढे कधी गेलाच नव्हता. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

"कल्ला उचलून बघायचा, लाल हवा. गाव कुठलं तुमचं?"

"कणकवली. मी धनेश."

"कणकवलीचे, आणि मासा कळत नाही? काम काय करता?"

"माशांचंच…" तो ओशाळला. "अलास्कात. सॅल्मनची पिल्लं वाढवतो."

थापाड्या! स्पृहाने मनात शिक्का मारला. तरी दुसऱ्या दिवशी ती त्याच वेळी बाजारात हजर. संशय घ्यायला तरी माणूस समोर हवा ना!

मग रोजचा चहा सुरू झाला. तो तिकडच्या तळ्यांबद्दल सांगायचा. राखीव रानाबद्दल, जिथे कुणाला घर बांधता येत नाही आणि अस्वलं खुशाल फिरतात. ती प्रत्येक गोष्टीत खोट काढायची.

"मग पापलेट का नाही ओळखलंस?"

"अगं, आम्ही अंड्यातून काढतो, बोटाएवढे झाले की तळ्यात सोडतो. मेलेला मासा घरी आई बघायची."

"आणि मोठे होऊन सगळे समुद्रातून परत येतात म्हणे?"

"सगळे? छे! हजारात मोजकेच."

स्पृहाच्या मनात आलं, खोटारडा असता, तर 'सगळे' म्हणाला असता… तिला तो आवडू लागला होता, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

धनेशची रजा संपत आली तेव्हा, मे महिन्यातल्या एका रणरणत्या सकाळी, साडेअकराच्या सुमारास, त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"स्पृहा… लग्न करशील माझ्याशी?"

"आधी तिकडे व्हिडिओ कॉल लाव. आत्ताच्या आत्ता!"

"तिकडे रात्रीचे दहा वाजलेत गं… बरं, लावतो."

पडद्यावर तळं उजळलं. पाण्यावर लख्ख ऊन.

"रात्री दहाला ऊन?" तिचे डोळे भरून आले. "दुसरी कुणीतरी गाठ, धनेश."

"अगं, इतक्या उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही लवकर—"

ती उठलीच. तेवढ्यात रबरी बूट घातलेली पिकल्या केसांची एक बाई पडद्यावर डोकावली. धनेशची साहेबीण. स्पृहाला बघताच ती किंचाळली, "स्प्रूहा?" आणि मागे वळून कुणाकुणाला हाका मारू लागली. हातात जाळ्या घेतलेली दोघं-तिघं धावत आली. सगळ्यांना तिचं नाव ठाऊक होतं.

"हो म्हणाली का?" साहेबिणीने इंग्रजीत विचारलं.

धनेशचे कान लाल झाले. स्पृहाने त्याच्या हातातून फोन घेतला, ओढणीने डोळे पुसले.

"यस," ती पडद्याकडे बघून म्हणाली. मग धनेशकडे वळली. "त्यांना सांगितलंय हं… तुला अजून नाही."