नदीकाठची धुरी

चारुदत्त हा असा माणूस, की साधी पार्किंगची जागा निवडायची तरी आधी चार जणांचे रिव्ह्यू वाचणार. त्यामुळे भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन सेंट्रल ओटागोच्या त्या उजाड, वाळवंटी मुलखात शिरल्यावर नदीकाठची मनासारखी जागा मिळेपर्यंत दुपार कलली, यात नवल नव्हतं. एका ठिकाणी चावऱ्या सँडफ्लाय माश्या फार, दुसऱ्या ठिकाणी शेजार फार.

"कुठेही थांबव रे," सुखदा म्हणाली. लोअर हट गावातलं घर सोडल्यापासून ती आपणहून बोलली ती एवढंच.

हिवाळ्यात त्यांची मुलगी दिवस भरत आले असताना पोटातच गेली होती. तेव्हापासून सुखदा धड झोपलीच नव्हती. हॉस्पिटलच्या फार्मसीतल्या कामावर परत जायचं नाव काढत नव्हती. पुण्याहून तिची आई डिंकाचे लाडू आणि धुरीसाठी ओवा, बाळंतशेपा घेऊन आली, आणि पुड्या न सोडताच परत गेली. हिला एक रात्र गाढ झोप लागावी, पूर्वीची सुखदा परत मिळावी, एवढंच चारुदत्तचं मागणं होतं. त्यासाठी तो म्हणाल तिथे गाडी हाकायला तयार होता.

अखेर मिळालेली जागा मात्र फार सुंदर होती. खाली हिरवी, वेगानं वाहणारी, पण आवाज न करणारी नदी. काठावर सोनं शोधणाऱ्यांच्या काळातल्या एका झोपडीच्या पडक्या दगडी भिंती. बरंच लांब एका म्हाताऱ्याचा कॅरव्हॅन. बाकी माणसाचा मागमूस नाही. दार उघडून उतरता उतरता सुखदा पायरीवरच थांबली.

"ओव्याचा वास येतोय."

"इथे कुठला ओवा?"

ती वाकली आणि चिमूटभर पाला चुरून तिनं त्याच्या नाकापाशी धरला. सगळ्या उतारावर रानटी थाइम पसरला होता. "दोन्हींत थाइमॉल असतं," ती म्हणाली आणि किंचित हसली. चारुदत्तला फार बरं वाटलं.

तिन्हीसांजेला तिनं ओंजळभर थाइम खुडून आणला आणि गॅसवर तवा ठेवला.

"फायर बॅन आहे गं इथे."

"तव्यातच करते. आई देणार होती ना, ती धुरी."

पाला तडतडला, धूर झाला. आख्ख्या नदीकाठाला बाळंतिणीच्या खोलीचा वास आला. जॅकेट उघडून तिनं धूर अंगावर घेतला. मग तळवे शेकून ते हवेत अलगद दाबत राहिली, मांडीवरच्या कुणाला तरी शेकावं तसे.

"सुखदा... पुरे आता."

"थांब. तिलाही देते."

वारा पडला होता. धूर वर न जाता उतारावरून सरळ नदीकडे निघाला आणि पाण्यालगत साचून राहिला. थोड्या वेळानं तो एका जागी दुभंगला. खालून कुणी वर येत असावं तशी ती फट हळूहळू वर सरकली, आणि तव्यापाशी येऊन मिटली. सुखदानं गॅस बंद केला. त्या रात्री ती पडल्या पडल्या झोपली.

सकाळी चारुदत्तला जाग आली तेव्हा ती चहा करत गुणगुणत होती. गालांवर रंग होता. "मस्त झोप लागली रे," ती म्हणाली. त्याचे डोळेच भरून आले, म्हणून तो पाणी भरायचं निमित्त करून बाहेर पडला. नळाशी कॅरव्हॅनवाला म्हातारा भेटला.

"मॉर्निंग. फार गुणी बाळ आहे तुमचं. रात्रभर हूं की चूं नाही."

"आमचं...?"

"पहाटे तुमची बायको खेळवत होती ना, त्या भिंतींपाशी. काय लालभडक केस आहेत हो पोराचे."

म्हातारा पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत निघून गेला. चारुदत्त नळ वाहता ठेवून उभा राहिला. आपल्या लेकीला त्यानं हॉस्पिटलात हातात घेतलं होतं. तिचं जावळ दाट होतं आणि काळंभोर.

तो घाईनं गाडीत आला. "चल, निघू या. गादी उचलतो."

"राहू दे ना. आत्ताच झोपलीय."

पलंगावर उशांचं कडं केलेलं होतं. मधे चादर आणि दुमडलेलं पांघरूण, बाकी काही नाही. सुखदा त्याच्याकडे बघून हसत होती, लग्नाआधी हसायची तसंच. आपल्या लेकीचं जावळ काळं होतं, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते उच्चारले की हे हसू जाणार, आणि पुन्हा येणार नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

त्यानं उशांच्या मधे हात घातला. इवल्याशा बोटांनी त्याची करंगळी धरली. मूठ नदीच्या पाण्यासारखी गार होती.

"थंडी वाजतेय का तिला?" सुखदानं हळूच विचारलं.

चारुदत्तनं दुसऱ्या हातानं पांघरूण वर ओढलं.