कुशाबाच्या टॅक्सीचे ब्रेक

दार लोटून घ्या आणि नीट बसा. कुशाबा आमच्या घोडपदेवच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचा, टॅक्सी चालवायचा. ही गोष्ट त्याने स्वतः मला सांगितली. खोटं रचायला त्याच्या अंगात तेव्हा त्राणच नव्हतं.

छप्पन सालचा जानेवारी, शुक्रवारची रात्र. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटलेली. गोळीबार, मग कर्फ्यू. जखमींना इस्पितळात पोचवून पोचवून कुशाबा पार पिचला होता. त्यात टॅक्सीच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक दाबून धरणाऱ्या पट्ट्या, झिजलेले, ब्रेक मारला की लोखंड करकरायचं. गॅरेजं बंद. बायको अंबिका दिवस भरलेली, सकाळी कर्फ्यू उठला की तिला इस्पितळात न्यायचं. शिवडीहून नवे लायनर आणून ठेवले होते. चाळीमागच्या अंगणात त्याने गाडी जॅकवर चढवली, कंदील लावला आणि एकटाच कामाला लागला.

लायनर बसले. पण ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा शिरली; तशी ठेवली तर ब्रेक लागत नाहीत. ती काढायला माणसं दोन लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करून हवा काढायची, नट आवळला की पेडल सोडायचं. आता उठवणार कुणाला? सगळी चाळच जागून दमलेली. कुशाबाने चाकाला डोकं टेकलं. डोळे मिटले.

गाडी जराशी दबली. आत कुणीतरी बसलं.

"तू कशाला उतरलीस गं?" तो म्हणाला. "बरं, आलीस तर दाब."

पेडल दाबलं गेलं. नटातून बुडबुडे आले.

"सोड."

सुटलं.

असं एकेक चाक झालं. मधे त्याने विचारलं, "पाय भरून आले का?" आणि तो पुढच्या चाकाकडे सरकला. जास्त बोलायचा त्याला कंटाळा होता. शेवटच्या चाकाला तेलाची स्वच्छ धार आली.

"झालं. जा वर, पड जरा."

"अहो..." वरच्या गॅलरीतून आवाज आला. "कोणाशी बोलताय?"

अंबिका. कठड्याला धरून उभी.

कुशाबा हलला नाही.

नट अजून सैलच होता...

पेडल पुन्हा दाबलं गेलं. हळूच. तेल त्याच्या बोटांवरून ओघळलं.

त्याने नट आवळला. दुसरं काय करणार? सकाळी गाडी लागणार होती.

"सोड, बाबा..."

सुटलं.

मग त्याने वाकून आत पाहिलं. कुणी नाही.

सकाळी कर्फ्यू उठल्यावर तो गाडीत बसायला गेला तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पार पुढे ओढलेली. लहान चणीच्या माणसाचा पाय पोचावा म्हणून ओढतात, तशी. ती सीट गंजून कैक वर्षं जाम होती, पोरांनो. तसाच अवघडून त्याने अंबिकाला नेलं. परळच्या पुलावरून उतरताना पोलिसांची गाडी अचानक आडवी आली. ब्रेक जागच्या जागी लागले. दुपारी मुलगी झाली.

पुढे मी आणि त्याने पहार लावून ती सीट मागे ढकलून पाहिली. तसूभर हलली नाही. टॅक्सी विकेपर्यंत कुशाबा गुडघे पोटाशी घेऊनच चालवायचा.