लाल धावदोरा

"बायकांचा आजार माझ्या गळ्यात कशाला बांधतेस, अक्का?" असं ओरडून धाकट्याने तिच्या तपासणीचा कागद दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलावर भिरकावला आणि तिच्याकडे चक्क पाठ फिरवली!

आईमागे ज्याला तिने लहानाचं मोठं केलं, ज्याच्यासाठी ठरलेलं लग्न मोडून त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, तोच हा धाकटा भाऊ... स्तनाच्या कॅन्सरमधून ती नुकतीच कुठे सावरली होती. हा दोष रक्तातूनच आलेला आहे, असं तपासणीत निघालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "वडील कशाने गेले?"

"पाठदुखीने," अक्का म्हणाली होती. तीस वर्षं सगळं घर हेच म्हणत आलं होतं! शिंप्याची पाठ ती, दिवसभर वाकून वाकून दुखणारच. स्वतः बाबासुद्धा गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊन हेच सांगायचे. कुणाला शंका येणार? पण बाईंनी बाबांचे दवाखान्यातले जुने कागद मागवले आणि त्यांत स्पष्ट लिहिलं होतं... प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत पसरलेला. अक्का त्या खुर्चीतच ढसाढसा रडली होती.

"अरे, हा दोष बाबांकडून आलाय," ती आता कळवळून सांगत होती. "तुझ्यातही असण्याची शक्यता निम्मी आहे. पुरुषांना तो प्रोस्टेटमध्ये गाठतो. आधी दोष आहे का ते बघायचं, आणि असला तर दरवर्षी रक्त तपासायचं. एवढंच रे!"

"मला काही होत नाहीये!"

"होत नाहीये तोवरच बघायचं असतं, राजा..."

"पुरे! बाबांच्या नावाला रोग चिकटवायचा असेल तर उद्यापासून दुकानात पाऊल टाकू नकोस!"

अक्का उठली. चष्मा डबीत घातला, पदराने डोळे टिपले आणि निघाली. राग आला होता, का नाही येणार? पण रागापेक्षा भीती मोठी होती.

तिच्याशिवाय दुकान मात्र चालेना. शिवलेला प्रत्येक कपडा उलटा करून तपासणं हे तिचंच काम. तशी नजर दुसऱ्या कुणाची नव्हती. म्हणून भावजय रोज गुपचूप कपड्यांचा गठ्ठा तिच्या घरी आणून द्यायची आणि म्हणायची, "अक्का, ह्यांचं मनावर घेऊ नका हो. तोंडाने तडतडतात, पण दुकानात डबा खाताना तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतात."

चार महिने असेच गेले. मग एके दिवशी गठ्ठ्यात धाकट्याचा स्वतःचा कोट आला, मुलाच्या लग्नात घालायचा. अक्काने तो उलटा केला. काय सुरेख हात होता पोराचा! अस्तर, काजं, खांदे... बोट ठेवायला जागा नाही. ती कितीतरी वेळ त्या कोटावरून हात फिरवत राहिली आणि मग तिने सुईत लाल दोरा ओवला.

दुकानात बाबांचा एक नियम होता. लाल धावदोरा घातलेला कपडा, मग तो मालकाने का शिवलेला असेना, दोष सापडेपर्यंत बाहेर पडायचा नाही. हा नियम धाकट्याने आजवर कधी मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोट घेऊन तणतणत दारात उभा राहिला. "दोनदा उसवून बघितला! कुठे आहे दोष? दाखव ना!"

"कोटात नाही रे," अक्का म्हणाली. "कोट घालणाऱ्याला तपासायचंय. तू मला बोल, घराबाहेर काढ, सगळं सोसेन... पण बाबांसारखं तुला निजलेलं बघायला लावू नकोस!"

धाकट्याने कोट बाजूला ठेवला. "मला ठाऊक होतं गं," तो ओंजळीत तोंड लपवून म्हणाला. "तू सांगितलंस त्याच क्षणी पटलं होतं. बाबांचं ते कण्हणं... भेकड आहे मी, अक्का!"

ती स्वतः त्याच्याबरोबर गेली. दोष निघाला. रक्तातला आकडा वाढलेला आला, मग आतला फोटो, मग तुकडा काढून तपासणं... अक्काचा जीव नुसता टांगणीला! शेवटी डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे, पण लहान आहे आणि ग्रंथीच्या आतच आहे. वेळेवर आलात."

वेळेवर! त्या एका शब्दासाठी अक्काने मनोमन किती हात जोडले!

ऑपरेशन झालं, माणूस घरी आला, आणि तीन महिन्यांनी लग्नाच्या सकाळी तोच कोट उलटा करून धाकटा अक्कासमोर उभा राहिला. बाकी सगळा दोरा काढला होता. अस्तरात, काळजाच्या बाजूला, बोटभर लाल टाका मात्र तसाच ठेवला होता.

"हा राहू दे," तो म्हणाला. "तुझ्यामुळे उभा आहे मी."

मग त्याने नवरदेवाला हाक मारली, खिशातून लाल दोरा ओवलेली सुई काढली आणि मुलाच्या नव्या कोटाच्या आत स्वतःच्या हाताने टाका घातला.

"बाबा, ह्यात काय दोष आहे?"

"देव करो नि नसो," धाकटा म्हणाला. "पण सोमवारी रक्त तपासायला जायचंय. आत्या येईल बरोबर. आधी तिच्या पाया पड."