सुईखालचा भुगा

“ही सुई आहे की रंधा? कुठल्या शहाण्यानं बसवलीय कोण जाणे… गाणं वाजवायचंय की तासायचंय—”

कुरकुर टेबलाखालून येत होती. टेबल तिचं होतं आणि रेकॉर्ड प्लेयरची सुईही तिनंच बसवलेली होती. त्यामुळे तो शहाणा कोण, हे तिला लगेच कळलं. हातात चहाचा कप घेऊन ती दारातच थांबली. टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले, एका मोज्याला अंगठ्याशी भोक. तिनं घसा खाकरला. पाय हलले नाहीत. ती “अहो” म्हणाली. मग जरा आवाज चढवून म्हणाली, तो शहाणा आलाय. तरी आतली बडबड चालूच. आता वायरींच्या गुंत्यावरून कुणाचा तरी उद्धार सुरू होता. शेवटी तिनं कप टेबलावर आपटला. लाकडाला हादरा बसला, तेव्हा कुठे एक डोकं बाहेर आलं.

काय ही मिजास, असं तिच्या मनात आलं. आणि मग त्यानं वर पाहिलं. डोळ्यांकडे नाही, थेट ओठांकडे. काय सुनावणार होती, ते ती साफ विसरली.

ती ध्वनिसंग्रहालयात कामाला होती. जुन्या रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि त्यांची खरखर काढायची, हे तिचं काम. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटायचं, त्यात ओरखडे केसासारख्या उभ्या रेघा होऊन दिसायचे, आणि ती दिवसभर एकेक केस वेचत बसायची. ऑफिसात तिला सगळे ‘सफाई’ म्हणत. तिला राग यायचा नाही. घरीही ती तशीच होती. कुणाचं भांडण झालं की दुसऱ्याच्या कानावर जाण्याआधी त्यातले बोचरे शब्द वेचून काढायची. आई म्हणायची, हिच्या हातून निरोप पाठवला की शिवीचा आशीर्वाद होऊन पोचतो.

तो मागच्या गल्लीतला सुईवाला. दुकान लहान, माणसं तीन. प्लेयरच्या लाकडी पेट्या करणारे बाबा, गल्ल्यावर बसणारी थोरली ताई आणि सुया बसवणारा तो. संग्रहालयाचं मशीन आता भरवशाचं राहिलं नाही, हे त्यानं टेबलाखाली झोपून सिद्ध केलं होतं. तेव्हा साहेबांनी ठरवलं की रेकॉर्ड त्याच्या दुकानात, त्याच्या चांगल्या मशीनवर वाजवायच्या, ध्वनिमुद्रण तिथेच करायचं आणि सफाई इकडे आणून करायची. मंगळवार आणि शुक्रवार.

पहिल्या मंगळवारी ती कुरकुरत गेली. तिसऱ्या शुक्रवारी तिनं निघताना आरशात पाहिलं. पुढचं काय सांगायचं, तुम्हाला कळलंच असेल.

सुई बसवायची त्याची एक रीत होती. भिंग तो वापरायचा नाही. भिंग लागतं ते म्हातारपणी, असं म्हणायचा. सुई रेकॉर्डवर अलगद टेकवायची, डोळे मिटायचे, क्षणभर थांबायचं आणि सांगायचं, “बसली.” किंवा, “नाही बसली.” बाबा लगेच म्हणायचे, याचा कान म्हणजे तराजू आहे. ते हे फार वेळा म्हणायचे. इतक्यांदा, की कुणी विचारलेलं नसतानाही म्हणायचे.

त्या घराच्या आणखीही काही सवयी होत्या. दार उघडलं की बारीक किणकिण व्हायची आणि त्याच्या टेबलावरचा एक छोटा दिवा लागायचा. बाबा त्याच्याशी बोलायचे ते हातातलं काम टाकून, समोर येऊन. आणि ताई गिऱ्हाइकाचं बोलणं, भावाकडे तोंड करून, पुन्हा पहिल्यापासून म्हणायची, “म्हणजे तुम्हाला पट्टा बदलून हवाय आणि शनिवारपर्यंत हवाय.” किती नीटनेटकी माणसं, असं तिला वाटलं. प्रेमात पडायच्या बेतात असलेल्या मुलीला सगळंच नीटनेटकं दिसतं.

भांडण मात्र रोजचं ठरलेलं. तिच्या खिशातल्या फोनमध्ये बारा हजार गाणी होती, न झिजणारी. त्याची रेकॉर्ड दर वेळी वाजताना थोडी मरते, असं ती म्हणायची.

“मरू दे की,” तो म्हणायचा. “जे थोडंसुद्धा झिजलं नाही, ते कुणी ऐकलं असं कसं म्हणायचं?”

“मग काय, झिजवून ठेवायचं सगळं?”

“मला इतकंच सांगा, तुमच्या त्या बारा हजारांतलं एक गाणं दाखवा. वाजवू नका. दाखवा.”

तो एक रेकॉर्ड दोन तळव्यांच्या मध्ये धरून ट्यूबलाइटखाली तिरपी करायचा. काळ्या तबकडीवर उजेड पाण्यासारखा फिरायचा. हे बघा, इथे रेघा दाट आहेत, चकाकी कमी आहे… इथे सगळी वाद्यं गप्प झालीत, गायिका एकटी गातेय. आणि इथे बघा, कडेकडेला कसं उसळलंय, इथे व्हायोलिनं आत शिरली. तो बोट न टेकवता बोटानं दाखवत जायचा. ती तबकडीकडे कमी आणि बोटाकडे जास्त बघायची. मान वर केली की तो तिच्या ओठांकडे बघत असायचा… उत्तराची वाट पाहत, असं तिला तेव्हा वाटलं नाही. वेगळंच काही वाटलं. मैत्रिणीला तिनं ते सांगितलंसुद्धा, उशीत तोंड खुपसून.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही आठवत नाही.

एका शुक्रवारी पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला. बाबांनी वर पाहिलं, ताईनं वर पाहिलं, तिनं वर पाहिलं. त्यानं आधी त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे. “आला वाटतं,” तो म्हणाला. तिच्या मनात कुठेतरी एक केसाएवढी रेघ उमटली. सवयीनं तिनं ती पुसून टाकली.

पुढच्या आठवड्यात तो पाठमोरा बसून पेटीचे स्क्रू आवळत होता. मानेवर लाकडाचा भुसा चिकटलेला. तो झटकावा म्हणून ती जवळ गेली आणि हात लावायचा धीर झाला नाही. धीर झाला तो भलताच. त्या मानेला, त्या भुशाला उद्देशून ती हळूच, पण स्पष्ट म्हणाली, “मला तू आवडतोस.”

स्क्रू आवळले जात राहिले. एक फेरा, दुसरा फेरा…

ऐकलं नाही, असं होणं शक्यच नव्हतं. मध्ये हातभर अंतर होतं. म्हणजे ऐकूनही वळला नाही. तिचे कान तापले. तिनं मान वळवली तर गल्ल्यावरून ताई बघत होती. ताईनं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद उमटला, मग तो कुणी ओढून घ्यावा तसा गेला. तिनं फक्त मान हलवली—नको.

दुकानाच्या पायरीवर ताईनं सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली, त्याचे कान जाताहेत. आधी बारीक आवाज गेले, किणकिणीचे, सुस्काऱ्यांचे, आता वरच्या पट्टीतले सगळेच जाताहेत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यंत्र आणलं होतं, ते ड्रॉवरमध्ये पडून आहे. त्यानं त्या दिवशी एवढंच म्हटलं होतं की सुईवाल्याच्या कानात यंत्र दिसलं तर दुकानाला कुलूपच लावा. तेव्हापासून घरात तो विषय नाही. बाबांनी दिव्याची वायर जोडली, तीही त्याला न सांगता. “तूही काही म्हणू नकोस,” ताई म्हणाली. “त्याच्याकडे दुसरं काही नाही गं.”

घरी जाताना तिला त्याची ओठांवरची नजर आठवली. म्हणजे तो वाचत होता. इतके दिवस नुसता वाचत होता. ती त्या रात्री रडली, पण कुणासाठी, हे तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

आणि मग तिनं तेच केलं, जे तिला येत होतं. त्या मंगळवारच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक ‘स’ फाटत होता, कापडाची कड उसवावी तसा. तिनं ऐकलं आणि पुसला. शुक्रवारी जरा जास्त फाटला. तिनं जास्त वेळ बसून पुसला. कागदावर त्याचा शेरा होता, ‘सुई उत्तम’. तिनं खाली सही केली. असा महिना गेला. साहेब खूष झाले आणि म्हणाले की एवढ्या कानाचा माणूस दुसरा मिळायचा नाही, आता ती लाखेची तबकडी त्याच्याकडेच द्या.

लाखेची तबकडी म्हणजे कारखान्यात छापलेली नव्हे, समोर गाणाऱ्या माणसाचा आवाज थेट कोरलेली एकुलती एक. एका बाईनं ऐन विशीत, घरच्या खोलीत गाऊन घेतलेली. बाई गेल्या. नातीनं आणून दिली तेव्हा लाखेला भेगा पडल्या होत्या, एका कडेचा पापुद्रा सुटत आलेला. फार तर एकदा नीट वाजेल. त्या एकदाच्या वाजण्यात जे मिळेल, तेवढंच त्या बाईंचं जगात उरणार.

ती दुकानात पोचली तेव्हा सगळी तयारी झाली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. तबकडी मशीनवर फिरत होती. ताईनं दार आतून लावून घेतलं. मागच्या खेपेच्या रेकॉर्डी बाजूला रचलेल्या होत्या. त्यांतली वरची उचलून ठेवायला म्हणून तिनं हात लावला आणि तिच्या बोटाला काहीतरी लागलं. काजळासारखं. तिनं वाकून मशीनकडे पाहिलं. वर उचललेल्या सुईच्या टोकाशी काळ्या भुग्याचा एक बारीक कुरळा झुपका लोंबत होता.

ही धूळ नव्हती. धूळ राखाडी असते. ही रेकॉर्ड होती. झिजलेली सुई गेला महिनाभर गाणी तासत होती, ते तासणं ‘स’मधून ओरडत होतं, आणि ती ते ओरडणं पुसत बसली होती. तिनं पहिल्याच दिवशी जसंच्या तसं ठेवलं असतं, तर पुढच्या तेवीस रेकॉर्डी वाचल्या असत्या.

त्यानं सुई खाली आणायला सुरुवात केली. डोळे मिटलेले. बाबा म्हणाले, याचा कान—

तिनं हात मध्ये घातला. सुई तिच्या बोटाच्या पेरावर टेकली.

त्यानं डोळे उघडले. तिनं काही न बोलता झुपका कोऱ्या कागदावर काढला आणि तो कागद त्याच्यासमोर ठेवला. मग बाबा घाईघाईनं म्हणाले की हवा दमट आहे, कधीकधी होतं असं. ताई म्हणाली की सुयांचा तो माल आधीपासूनच खराब होता. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला, आणि शेवटी तिच्याकडे आला.

“आवाज कसा येत होता?”

ती त्याच्या अगदी समोर उभी राहिली, उजेड आपल्या चेहऱ्यावर येईल अशी. “फाटत होता. महिना झाला. मी पुसत होते.”

“तू पण?”

“मी पण.”

तबकडी उगाच फिरत होती. त्यानं बटण बंद केलं. रागावेल, उठून जाईल, कुलूप मागेल, असं तिला वाटलं. तो उठला खरा, पण ड्रॉवरकडे गेला आणि भिंग काढलं. सुई त्याखाली धरली. मग नवी सुई काढली, ती धरली. सावकाश, डोळ्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा असल्यासारखी बसवली. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

“मी बसवलीय,” तो म्हणाला. “बसली की नाही, ते तू सांगायचं.”

तिनं त्याच्या एका साध्या रेकॉर्डवर सुई टेकवून ऐकलं. मान डोलावली. मग लाखेची तबकडी लावली, आणि एका विशीतल्या बाईचा आवाज खोलीत आला. खरखर होती, मागे कुठेतरी खुर्ची करकरली, आणि प्रत्येक ‘स’ मात्र अखंड होता. साडेतीन मिनिटं. ती ऐकत होती आणि तो तिला बघत होता. पापुद्रा सुटला तो शेवटच्या ओळीनंतर.

तिनं डोळे पुसले. तो अजून ओठांकडेच बघत होता.

“नुसतं वाचायला बघतोस ना,” ती म्हणाली. “कळलंय मला.”

“वाचायलाच बघायचो. आधी. वाचून झालं तरी नजर तिथेच राहायला लागली, तेव्हा काय करायचं ते सुचेना.”

ताईनं गल्ल्याच्या वहीत डोकं घातलं. बाबांना पेटीला पॉलिश करायचं आठवलं.

“मी स्क्रू आवळत होतो,” तो म्हणाला, “त्या दिवशी माझ्या मागे तू काहीतरी बोललीस. समोरच्या काचेत ताईचा चेहरा दिसला मला. इतकी खूष झालेली ती कितीतरी दिवसांत दिसली नव्हती. काय बोललीस, ते तिला विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर…”

त्यानं बाबांकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. दोघंही आता त्याच्याकडेच बघत होते. मग त्यानं तिची हनुवटी दोन बोटांनी, तबकडी धरावी तशी कडेनं धरली आणि उजेडाकडे वळवली.

“परत म्हण. इथून, समोरून,” तो म्हणाला. “मला ऐकू येत नाही.”