चंपतच्या कबरीचा फोटो

“नीतू, लवकर ये! तुमच्या चंपतचं नाव हाये इथं!”

गोलूची हाक ऐकून नीतू आणि अपेक्षा खुर्सीपार वस्तीतल्या त्याच्या बाबांच्या फ्लेक्सच्या दुकानात धावल्या. कॉम्प्युटरवर मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचा बॅनर होता. त्यावर सचिव देवानंदकाकांचा हसरा चेहरा केवढा मोठा! आणि कोपऱ्यात, काडेपेटीएवढा, कबरीवरच्या एका दगडाचा फोटो.

चंपत म्हणजे नीतूच्या पणजीचा, मैनाबाईचा थोरला भाऊ. दुसऱ्या महायुद्धात तो लढाऊ विमानात गनर, म्हणजे मशीनगन चालवणारा, होता. विमान पडलं आणि त्याला ब्रह्मदेशातच पुरलं. घरातलं कुणी तिथे कधी जाऊ शकलं नाही. गेल्या वर्षी देवानंदकाकांनी कबरीचा फोटो मागवायचं कबूल केलं होतं. मैनाबाई दर आठवड्याला विचारायची आणि काका दर वेळी म्हणायचे, “नाही आला अजून!”

“मग हा काय आकाशातून टपकला?” अपेक्षा म्हणाली.

काकांनी पुढे पाठवलेल्या ईमेलवर गोलूने फोटो आल्याची तारीख शोधली. “बारा जनवरी! बाप रे!”

सुट्ट्या लागल्या होत्या, मे महिना होता. होळीपर्यंत मैनाबाईला थोडंफार दिसत होतं. आता मुळीच दिसत नव्हतं.

तिघांनी तडक मंडळाचं ऑफिस गाठलं. “फोटो लपवला कावून, काका?” नीतूने विचारलं.

“लपवला कुठे? मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते द्यायचाय. त्यांची तारीख आत्ता कुठे मिळाली!”

“पन आजीले आता दिसत नाही!”

“मग तर घाईच नाही!” काका हसले. “पळा आता!”

बाहेर येताच गोलू उसळला. “चलो, ऑफिसचं कपाटच फोडून फोटो घेऊ!”

“नको,” अपेक्षा म्हणाली. “त्यांनाच सगळ्यांसमोर बोलायला लावू.”

कार्यक्रमात मैनाबाईला शेवटच्या रांगेत बसवलं होतं. नाव पुकारताच मुलांनी तिला हात धरून मंचावर नेलं. पाहुण्यांनी फोटो दिला. तिने त्यावरून बोटं फिरवली.

“कागदच हाये,” ती म्हणाली.

ठरल्याप्रमाणे गोलूने माईक तिच्या तोंडाशी धरला.

“देवानंदबाबू, हा फोटो चार महिने तुह्यापाशी होता. मले तं आता दिसत नाही. काय लिवलं हाये, तू सांग.”

“वीर... वीर चंपत...” काका फोटोकडे वाकून पाहू लागले. मैनाबाईने तो छातीशी घट्ट धरला.

“आन पुढं?”

काकांच्या कपाळावर घाम आला. “मी... नीट पाहिला नाही.”

“चार महिने?” पाहुण्यांनी विचारलं. काकांना तोंड लपवायला जागा उरली नाही.

मैनाबाईने फोटो नीतूपुढे केला. नीतूने वाचलं, “चंपत. एअर गनर. सात मार्च एकोणीसशे चव्वेचाळीस. वय एकवीस.”

“एकवीस?” नव्वद वर्षांची मैनाबाई पुटपुटली. “मी नऊ सालाची होती. मले तो लय मोठा वाटे. लेकरूच होतं की!”

“शाबास, पोरांनो! तुम्ही आमचे डोळे उघडलेत!” पाहुणे म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. देवानंदकाकाही टाळ्या वाजवत होते, सगळ्यांपेक्षा जोरात.

त्या आवाजात मैनाबाईला काहीच ऐकू येईना. तिने नीतूचा हात ओढला.

“आखीन एकबार वाच, माय.”

नीतूने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.