भट्टीतले शिशाचे काप

संग्रहालयाची छोटी गाडी रविवारी हौशी प्रवाशांना कुहीपर्यंतची हिरवी धानशेतं दाखवून नागपुरात परतली आणि सोमवारी तिच्या इंजिनाचा बॉयलर कोरडा निघाला. भट्टीच्या माथ्यावरचं शिशाचं बूचही गेलं होतं. पाणी संपलं की हे बूच वितळतं, वाफ विस्तवावर कोसळते आणि स्फोट टळतो. रविवारी फायरमन रुपराव विस्तव तसाच ठेवून घरी गेला, पाण्याकडे त्यानं पाहिलंच नाही, असं ड्रायव्हर बापूजी म्हणाले.

गार्ड महादेवरावांनीही त्यांची री ओढली. बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच रिकामी होती, हे त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं. पण उभा जन्म दोघांनी एका गाडीवर काढलेला. बापूजी म्हणतो म्हणजे तसंच असणार.

संग्रहालयाचे प्रमुख मार्तंडराव आता रुपरावाला कामावरून काढणार होते. रुपरावानं महाल भागात राहणाऱ्या उत्तराचं दार ठोठावलं. ती खासगी तपास करायची आणि महादेवराव तिचे सख्खे मामा. तिच्यामागे पिशवी घेऊन हिंडणं हा त्यांचा हौसेचा उद्योग. या खेपेला मात्र त्यांना संकोच वाटत होता.

भट्टीतली राख भिजून घट्ट बसली होती. तिच्यावर शिशाचे कुरळे काप चमकत होते. उत्तरानं ते रुमालात बांधले.

काच भरलेली होती आणि विस्तव विझवूनच घरी गेलो, असं रुपरावानं शपथेवर सांगितलं. मार्तंडरावांनी तर भट्टीचं दार कुठून उघडतं, हेच तिला विचारलं. पुढच्या महिन्यात ड्रायव्हरची डॉक्टरी तपासणी ठेवल्याचंही त्यांच्याकडूनच कळलं. बापूजींनी चहा दिला, निम्मा बशीबाहेर सांडून. परतताना मामा कौतुकानं म्हणाले, "आजकाल बापूले नुसती झेंडी पुरत नाही. म्हणते, शिटीही वाजवत जाय गा."

संध्याकाळी उत्तरानं सगळ्यांना इंजिनाजवळ बोलावलं. तिनं बापूजींपुढे तळहात धरला. "भट्टीतला हा शिशाचा काप. ओळखता?"

बापूजी वाकले. "हो. वितळला का असाच होते."

तळहात रिकामा होता. महादेवरावांनी आधी तळहाताकडे, मग बापूजींच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"वितळलेल्या शिशाचे गोळे होतात," उत्तरा म्हणाली, "काप होतात ते कोरल्यावर. थंड इंजिनात कुणीतरी बॉयलर रिकामा केला, बूच कोरलं आणि राखेवर पाणी ओतलं. राख ओली हवी, हे मार्तंडरावांना सुचलं नसतं. रुपरावाला सुचलं असतं. पण तो स्वतःच्याच गळ्यात दोष कशाला बांधेल? आणि चमकणारे काप त्यानं वेचले असते. ज्याला झेंडी दिसत नाही, त्याला ते दिसले नाहीत."

बापूजी पायरी चढून इंजिनावर गेले आणि दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरनं मले उतरवलं असतं. मह्या जागेवर हा रुपराव बसला असता. त्यापेक्षा गाडीच बंद पडू दे, म्हटलं."

"अन् मी?" महादेवरावांचा आवाज चिरकला. "तुह्या शब्दावर मी खोटी साक्ष देल्ली गा. मले काहून नाही सांगितलं?"

"तू खरं बोलून टाकलं असतं."

महादेवरावांना रागापेक्षा लाज जास्त वाटली. आपल्या भोळेपणाचा हिशेब बापूनं आधीच करून ठेवला होता.

बापूजी इंजिनाच्या पायरीवरून उतरू लागले. सवयीनं त्यांनी आधारासाठी हात पुढे केला. महादेवराव शेजारीच होते, पण जागचे हलले नाहीत. तो हात हवेत चाचपडत राहिला. शेवटी रुपराव पुढे आला आणि त्यानं तो धरला.