रानगुलाबाचा फोटो

दुपारी दीडला स्वप्ना सिकंदराबादहून ऑटोने हिमायतनगरला माहेरी निघाली, तेव्हा तिच्या पायाशी भाजीचा क्रेट होता. क्रेटमध्ये दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवलेली सोळा रोपं. रानगुलाबाची, बोटभर उंचीची.

बाजारातला गुलाब कलमाचा असतो. खाली खुंट रानगुलाबाचा आणि वर डोळा भरलेला दुसऱ्याच गुलाबाचा. स्वप्नाच्या आईला, केसरबाईंना, हा प्रकार कधी पटला नाही. "खालच्यानं राबायचं अन् वरच्यानं मिरवायचं, हे आपल्याला काय नवीन हाय?" असं म्हणायच्या आणि रानगुलाब बियांपासूनच करायच्या. लाल फळं फोडायची, बिया ओल्या वाळूत घालून तीन महिने फ्रिजमध्ये मिरच्यांशेजारी ठेवायच्या, मग पेरायच्या. पाच पाकळ्यांचं पांढरं फूल यायला दोन-तीन वर्षं लागायची. बारा वर्षांत कंपाउंडच्या भिंतीला लागून सात झुडपं उभी राहिली होती.

गेल्या सप्टेंबरात केसरबाई दवाखान्यात पडल्या. चाळीस दिवस. दहाव्या दिवशी त्यांच्या मुलाने, अनिरुद्धने, ती सातही झुडपं मुळासकट उपटली आणि नव्या कारसाठी तिथे टाइल्स बसवल्या. उपटण्याआधी शहाण्याने एक फोटो काढून ठेवला. रोज चार वाजता, भेटीच्या वेळी, केसरबाई खाटेवरून तळहात पुढे करायच्या. "दाखव." आणि हा तोच फोटो दाखवायचा. "आजचाच आहे, आई." जन्मदात्या आईशी असं वागणाऱ्याला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

चाळिसाव्या दिवशी केसरबाई त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "महिना झाला, ही कळी उमलंना की रे." आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. रागावल्या की त्या कधी ओरडायच्या नाहीत. पाठ करून बसायच्या, खुरपं चालवायच्या आणि बोलायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

फ्रिजमधली वाळूची बरणी स्वप्नाने उचलली होती. त्या बियांची ही रोपं. आईची झुडपं आईच्याच जागी लावायची, त्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती.

"कार बाहेर काढ," दारात पाऊल टाकताच ती म्हणाली.

"काय करायलीस ताई? कुंड्यांत लाव ना..."

"आईनं एक तरी कुंडीत लावला होता का रे, मेल्या?"

जिन्याखालची सब्बल, लोखंडी पहार, तिने स्वतःच ओढून आणली. अनिरुद्धने मुकाट्याने कार बाहेर काढली. पहिला घाव बसला, टाइल दुभंगली. व्हरांड्यात दौलतराव, दोघांचे वडील, खुर्चीवर बसले होते.

तिसरी टाइल निघाली आणि स्वप्नाचा हात थांबला. पाच महिने फरशीखाली दाबलेली माती दगडासारखी व्हायला हवी. ही ओली होती. भुसभुशीत, नुकतीच खुरपल्यासारखी. वर चुरडलेल्या पाल्याचा वास.

"ताई..." अनिरुद्धचा आवाज खाली आला होता. "एक सांगायचं व्हतं. तो फोटो... बदलायलाय."

त्याने फोन पुढे केला. सात झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडलेली. खऱ्या फोटोत एकच मिटलेली कळी होती, हे तिला पक्कं आठवत होतं. आणि झुडपांमध्ये कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. हातात खुरपं.

स्वप्नाच्या मानेवर काटा आला. पण रागाने भीतीला पुरतं गिळलं होतं.

"बरं झालं! तुझ्याकडं पाठच करणार ती. बस बघत जन्मभर."

"डिलीट केला गं... चार वाजले की परत येतो."

"बाबांना दाखवलास?"

"म्हणाले, आपण बौद्ध, आपण भूतबित मानत नाही." तो थांबला. "मग चष्मा काढला. दोन दिवस झाले, घालंनात."

आणखी काही टाइल्स उखडून ती खाली वाकली आणि रोपं लावू लागली. एक, दोन, तीन. अनिरुद्ध मागेच उभा होता.

"तूबी आईला दाखवलास की, ताई. दर रविवारी. मीच पाठवला व्हता तुला. अन् तुला ठाऊक व्हतं, झाडं गेली ते."

"चुप बस."

ठाऊक होतं. आई दवाखान्यात असतानाच, तिसऱ्या आठवड्यात, शेजारणीने फोन करून सांगितलं होतं. आजारी माणसाला कशाला दुखवा, असं म्हणून तिनेही हसून तो फोटो दाखवला होता. पुढचे पाच महिने सगळा राग तिने भावाच्या डोक्यावर ओतला, स्वतःच्या वाट्याला थेंब येऊ दिला नाही.

सोळावं रोप लागलं. तिने हात पुसले. व्हरांड्यातल्या घड्याळात चार वाजले होते.

पिशवीतून तिने स्वतःचा फोन काढला. तो फोटो तिच्याकडेही होता, आई गेल्यापासून तिने उघडला नव्हता. आता आईची रोपं आईच्या मातीत होती. एवढ्याने तरी ती निवली असेल... स्वप्नाने फोटो उघडला.

झुडपं नव्हती. एक फूल नव्हतं. नुसत्या टाइल्स, चकचकीत, अखंड. त्यांच्यावर आई बसली होती, आणि पाठमोरी नव्हती. सरळ स्वप्नाच्या डोळ्यांत बघत होती. उजवा हात पुढे, तळहात वर. खाटेवरून 'दाखव' म्हणताना करायची तसा.

अनिरुद्ध समोर उभा होता, दौलतराव खुर्चीत होते. आणि तिच्या पाठीमागे, नुकत्याच लावलेल्या रोपांत, खर्र... खर्र... खुरपं चालत होतं.

मग ते थांबलं.